ओळखीचा थेंब

न्हाणीघरातला नळ गळतोय. खाली बादली आहे. नळाच्या तोंडाला सुतळी बांधलीय, तिच्यावरून थेंब गुपचूप बादलीत उतरतो आणि रात्री टपटप ऐकू येत नाही. याला आम्ही पुण्यात दुरुस्ती म्हणतो.

सेकंदाला एक थेंब धरला, तरी दिवसाला ८६,४०० होतात. कारणही सगळ्यांना पाठ असतं. जुन्या, आट्यांच्या नळात दांड्याच्या टोकाला रबरी वायसर असतो, तो आतल्या पितळी बैठकीवर दाबला गेला की पाणी थांबतं. वायसर कडक होतो, त्याला गोल खाच पडते. मग आपण नळ जोरात आवळतो. खाच आणखी खोल जाते, आपण आणखी जोरात आवळतो. शेवटी नळ बंद करणं हे घरातल्या एकाच दणकट माणसाचं खातं होतं आणि पाहुण्यांसाठी पाटी लागते: ‘नळ किंचित डावीकडे रेटून बंद करावा. स्वतःची पद्धत वापरू नये.’

वायसर अर्धा इंची. चहापेक्षा स्वस्त. तरी तो कुणी बदलत नाही, कारण त्यासाठी आधी वरचा, घराचं पाणी तोडणारा गेट व्हॉल्व्ह बंद करावा लागतो.

खरी भीती त्याची. इमारत झाल्यापासून त्याला हात लागलेला नाही. आतली पाणी अडवणारी पितळी पट्टी क्षाराने जागीच धरलेली असते. जोर लावला तर दांडा तुटतो, किंवा पट्टी सुटून खालीच बसते आणि चाक दोन्हीकडे मजेत फिरतं. म्हणजे गळका नळ होता, तिथे आता नळच नाही. जाणकार सहा महिन्यांतून एकदा व्हॉल्व्ह बंद-चालू करतात आणि पूर्ण उघडल्यावर अर्धा फेरा मागे घेतात, म्हणजे तो अडकत नाही. असे जाणकार मला वाटतं फक्त लेखांत राहतात.

व्हॉल्व्ह फिरलाच, तर पुढे दोन पाने, म्हणजे स्पॅनर, लागतात. एकाने नळाचं अंग धरायचं, दुसऱ्याने वरची टोपी सोडवायची. एकाच पान्यावर भागवलं तर सगळा पीळ भिंतीतल्या जुन्या लोखंडी पाइपावर जातो, गंजलेले आटे आतच मोडतात आणि टाइल फोडावी लागते. तसली टाइल आता मिळत नाही. बैठकीला खड्डे पडले असतील तर नवा वायसरही गळतोच. पाव फेऱ्याच्या नव्या नळांत वायसरच नसतो, आतली अख्खी नळी बदलायची. ती घ्यायला बोहरी आळीत, म्हणजे पुण्याच्या हार्डवेअर बाजारात, रिकाम्या हाताने जाऊ नये. ‘नमुना आणलाय?’ हा तिथला पहिला प्रश्न, कारण नळीच्या टोकावरच्या, मूठ बसते तिथल्या दात्यांची संख्या कंपनीगणिक वेगळी.

एवढ्या शक्यतांपुढे बादली फारच सोज्वळ वाटते. ती कधी भरते ते ठाऊक असतं, त्या पाण्यात फरशी पुसून होते.

एखाद्या गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असतं, म्हणजे आयती संधी, असं कुणाला वाटेल. पण बुधवारी रात्रीच सोसायटीची टाकी काठोकाठ भरून ठेवलेली असते, त्यामुळे गुरुवारी थेंब जरा जोमातच पडतो. शुक्रवारी ‘उशिरा व कमी दाबाने’ पाणी येतं. तेव्हा टाकी तळाला गेलेली असते, थेंब मंदावतो आणि घरात जाहीर होतं, की नळ आपोआप सुधारला.