आमचा एक माणूस पुढे आहे

पहिली गोष्ट, नागपूरबाहेरच्या झुल्यांच्या पार्कात जायचा दिवस नीट निवडा. शाळा सुरू असतानाचा, सहल नसलेला एखादा मंगळवार चुकूनही घेऊ नका. त्या दिवशी पार्कात काळं कुत्रं नसतं. माणूस एकाच झुल्यात तीनतीनदा बसतो, दुपारी दोनलाच सगळं संपतं, आणि मग पैसे पुरते वसूल झाल्याच्या दुःखात नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. रविवार घ्या. नाताळ आणि 31 डिसेंबर यांच्या मधला सापडला तर सोडूच नका.

विधिमंडळ अधिवेशनाच्या दिवसांतला शनिवारही चालेल. नागपूर करार झाला 1953 साली. वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात भरवायचं त्यात कबूल झालं. त्यानं विदर्भाचे किती प्रश्न सुटले ते जाणकार सांगतील. पण मुंबईहून आलेल्या मंडळींना सुटीच्या दिवशी काहीतरी दाखवावं लागतं, ताडोबा-पेंचचं बुकिंग ऐनवेळी मिळत नाही, आणि मग उरतो शहराबाहेरचा आपला पार्क, एवढं मी सांगू शकतो.

आता थंडी. मे 2013 मध्ये 47.9 अंश सोसलेलं हे गाव 29 डिसेंबर 2018 रोजी 3.5 अंशांवर उतरलं होतं, आणि तेव्हापासून प्रत्येक नागपूरकर थंडीबद्दल काश्मिरातून आल्यासारखा बोलतो. पाहुण्यांना हे दोन्ही आकडे स्टेशनवरच ऐकवा. एरवी डिसेंबरात इथं पहाटे 10-12 अंश असतात आणि दुपारी 28. म्हणजे सकाळी चढवलेले स्वेटर, मफलर, माकडटोप्या दुपारी एकला कुणीतरी हातात धरून उभं राहायचं असतं. हा कुणीतरी कोण, ते घरूनच ठरवून निघा. आमच्याकडे ते लग्नातच ठरलं होतं.

पार्क दहाला उघडतो म्हणून दहाला पोचायचं नसतं. पहिल्या तासात लाइनीच नसतात, मग आल्यासारखं वाटणार कसं? साडेदहाला निघा, वाटेत तर्री पोहे खा, कुणाचा तरी चश्मा घरी राहिला म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत या, आणि साडेबाराला तिकीट खिडकीवर लागा. आत शिरलात की फाटकासमोरचा पहिलाच झुला धरा. सगळे तोच धरतात. काही शहाणे थेट पार पलीकडच्या टोकाला जातात आणि तिथून उलटे फिरत येतात. अशांशी सोयरीक करू नये.

माझी झाली आहे. माझे साडभाऊ पुण्याचे. लाइनीत उभं राहिल्या राहिल्या त्यांनी पुढची डोकी मोजली. मग घड्याळ काढलं. "गाडीत सोळा जण. चढणं, पट्टे लावणं, चक्कर, उतरणं मिळून चार मिनिटं. म्हणजे तासाला 240. पुढे 200 माणसं आहेत. पन्नास मिनिटं लागतील." असं गणित कुणी करत असेल तर त्याला तिथंच थांबवा. खरा नागपूरकर मान उंच करून बघतो आणि "होऊन जाईल दहा मिनटात" म्हणतो. दहा मिनिटं झाली की पुन्हा म्हणतो. त्यात पन्नास मिनिटं आरामात निघतात.

साडभाऊ तेवढ्यावर थांबले नाहीत. एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञानं 1909 मध्ये टेलिफोनच्या कॉलांवरून लाइनीचं शास्त्र सुरू केलं, म्हणाले. त्याचं सार असं की येणारी माणसं झुल्याच्या क्षमतेला टेकायला लागली की वाट पाहणं जरा जरा वाढत नाही, एकदम उसळतं. साडेअकराची दहा मिनिटांची लाइन साडेबाराला तासाची होते ती त्यामुळं. त्यांनी मला हे नीट समजावलं. मला समजलं. लाइन होती तिथंच होती.

मग रोलर कोस्टर. त्याचा जन्मच हिवाळ्यातला, हे मला त्या दिवशी कळलं. रशियात पूर्वी लाकडी चौकटींवर पाणी गोठवून बर्फाच्या उंच घसरगुंड्या करत आणि लोक ढिगानं कपडे घालून त्यावरून गाडीनं घसरत. फ्रेंच भाषेत रोलर कोस्टरला अजून 'रशियन डोंगर' म्हणतात. शिवाय थंडीत चाकांमधलं ग्रीस घट्ट असतं, त्यामुळं सकाळी गाडी जरा सुस्त धावते आणि दुपारी तापली की मोकळी सुटते. तुम्ही दुपारी तासभर उभे राहिलात तर तो तास तुम्ही वेगासाठी मोजलात, असं घरच्यांना सांगा. सकाळी न आल्याबद्दल ऐकून घ्यायचं असतं तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

वेळ घालवायला संत्रं न्या. वाट पाहताना हाताला काम असलं की वेळ लवकर सरतो, असं डेव्हिड मेस्टर या अमेरिकेतल्या प्राध्यापकानं 1985 मध्ये लिहून ठेवलंय. त्यांना नागपुरी संत्रं माहीत नसावं, नाहीतर लेख एका ओळीत संपला असता. डिसेंबरात अंबिया बहाराची संत्री बाजारात असतातच. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून संत्री स्वेटरच्या बाहीत घालायची आणि बाहीला गाठ मारायची. दुसऱ्या बाहीत सांबारवडी. (पुण्याच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. साडभाऊ अर्धा तास बाहीतून डाळ गळेल या काळजीत होते.) फाटकावरचा माणूस पिशव्या उघडून बघतो, स्वेटर बघत नाही. थंडीचे फायदे असतात ते असे.

थंडीत पाण्याच्या भागाकडे फिरकू नये, असं भित्रे लोक म्हणतात. तुम्ही सरळ तिकडेच जा. तलावाएवढं पाणी रात्रभर थंड होत पडलेलं असतं, त्याला चार तासांच्या उन्हानं काय होणार? हवा 28 अंशांची झाली तरी पाणी पहाटेचंच असतं. आत उतरायला नायलॉनचेच कपडे लागतात, आणि ते तुम्ही घरून आणलेले नसतात. डिपॉझिट भरून भाड्याचे घ्या. ते ओलेच मिळतात. निळे, आधीच्या माणसाच्या मापाचे, नाडी आत गेलेली. एका बाजूनं नाडी चिमटीत धरून, दुसऱ्या बाजूनं कापड गोळा करत ती बाहेर काढायला मला सात मिनिटं लागली, आणि तेवढ्यात फरशीचा गारवा तळव्यांतून निघून गुडघ्यापर्यंत आला होता. तोवर मी पार्कात नुसता फिरत होतो. आता पार्क सुरू झाला.

घसरगुंडीचा जिना लोखंडी, चार मजले उंच, जाळीच्या पायऱ्यांचा. एका पायरीवर एक माणूस, प्रत्येकाच्या डोक्यावर रबरी ट्यूब. वरून थेंब पडतात ते पुढच्या माणसाचे असतात. वर पोचलं की ऊन लागतं आणि वाराही लागतो. अंगावरचं पाणी वाळताना अंगातली ऊब घेऊन जातं. माठ याच तत्त्वावर गार होतो, फक्त माठाला वाजायला दात नसतात. माझ्यापुढे एक वयस्क गृहस्थ होते, दोन्ही हात काखेत, ओठ जांभळे. मी म्हटलं, "थंडी आहे ना बरीच?"

"कुठं थंडी?" ते थरथरत म्हणाले. "दोन हजार अठराले पाहायची होती थंडी."

बावीस मिनिटांचा जिना, आठ सेकंदांची घसरगुंडी. खाली पोचलो तर बायको म्हणाली, मोबाइलमध्ये नीट आलं नाही, परत एकदा जाता का? असं कुणी विचारलं तर जावं. मी गेलो.

साडभाऊंनी अमेरिकेत डिस्नीचा पार्क पाहिलाय. तिथं 1999 पासून फास्टपास होता. चिठ्ठी घ्यायची, दुसरीकडे हिंडायचं, चिठ्ठीवरच्या वेळेला यायचं आणि वेगळ्या दारानं आत शिरायचं. तेही फुकट. 2021 मध्ये फुकटचा कारभार संपला, आता त्याच दाराला पैसे पडतात. हे ऐकताना आमच्या लाइनीच्या बाजूनं सफारी सूटमधले दोघं चालत आले. मागे एक वहिनी, चार मुलं आणि मुलांची आत्या. "साहेबांचे पाहुणे आहेत," पहिला सफारी म्हणाला. कोणते साहेब, हे विचारायचं नसतं. झुलेवाल्या पोरानं साखळी काढली, सहा जण आत गेले, साखळी लागली. आमची लाइन हूं की चूं करत नाही. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर बॅरिकेडपाशी अडवलेले अधिवेशनावरचे मोर्चे बघत आम्ही लहानाचे मोठे झालो आहोत. बॅरिकेडच्या अलीकडं उभं राहणं आम्हाला जमतं. साडभाऊ मात्र चिडले. मी त्यांना म्हटलं, चिडू नका, एक साहेब तुम्हीही तयार ठेवा. नाव सांगावं लागत नाही, म्हणून तो असायलाही लागत नाही.

ज्यांना साहेब जमत नाही, त्यांच्यासाठी सर्वसामान्यांचा मार्ग आहे, आणि आपल्या गावानं तो अगदी पक्का बसवला आहे. घरातला एक माणूस लाइनीत सोडायचा. बाकीच्यांनी फोटो काढायचे, समोसे खायचे, पोट्ट्यांना शू करवून आणायची. त्याचा नंबर जवळ आला की सगळ्यांनी मधून घुसायचं. त्यामुळं पुढे सात माणसं दिसली म्हणून खूश होऊ नका. ती सात घरं असतात.

"काऊन हो, मधातून कुठं चालले?"

"आमचा एक माणूस पुढं हाये ना बाप्पा."

या वाक्याला उत्तर नाही. म्हणणारा थांबतही नाही, बोलता बोलताच तो दोन घरं ओलांडून गेलेला असतो. त्याच्यामागे अकरा जण जातात, आणि सर्वात शेवटी एक आजी. आजींना तरी विचारावं म्हणून मी विचारलं, तुम्हीही बसता का या झुल्यात? "मी काय बसते रे बाबा," त्या म्हणाल्या, "मी पोट्ट्याइच्या चपला धराले चालली." त्यांना वाट करून दिली. बाहीतलं एक संत्रंही दिलं.

आमच्या घरचा पुढचा माणूस मी. आकाशपाळण्यापाशी चौदा जणांच्या वतीनं मला उभं केलं आणि मंडळी आलूबोंड्यांच्या दिशेनं गेली. माझ्या दोन्ही हातांवर नऊ स्वेटर आणि चार माकडटोप्या. मोबाइल बायकोच्या पर्समध्ये, कारण स्वेटर धरायचे तर मोबाइल कुठं धरू? जाता जाता साडभाऊ सांगून गेले की 1893 साली शिकागोत फेरिसनं पहिला मोठा पाळणा उभारला तो 264 फूट उंच होता, 36 डबे, एकेका डब्यात साठ माणसं. आमचं अख्खं घर एका डब्यात मावलं असतं आणि वर सेहेचाळीस साहेबांचे पाहुणे.

लाइन सरकत राहिली. दोनदा मी मागच्यांना पुढे जाऊ दिलं. तिसऱ्यांदा झुलेवाल्या पोरानं विचारलं, "काका, किती जण?"

"चौदा."

"कुठं हायेत?"

"मागून येऊन राहिले."

त्यानं वर पाहिलं. समोरासमोरच्या पाळण्यांत वजन सारखं लागतं, नाहीतर चाक एका अंगाला ओढतं. आणि बरोबर माझ्या समोरचा पाळणा भरलेला होता. "काका, तुम्ही बसून घ्या. वजन पायजे." मी स्वेटर दाखवले. "त्याइलेबी बसवा," तो म्हणाला, आणि दांडी लावली.

आकाशपाळण्यात बसलं की लगेच फिरणं सुरू होत नाही, कारण पुढचा प्रत्येक पाळणा भरताना चाक थांबतं. मी एक पाळणा वर गेलो, थांबलो. आणखी एक पाळणा वर, पुन्हा थांबलो. असं करत करत पार टोकाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि वारा सुटला होता. एक स्वेटर घातला. मग दुसरा. वरून सगळा पार्क दिसत होता: घसरगुंडीच्या जिन्यावरच्या ट्यूबा, सहलीच्या एसटीच्या लाल गाड्या, आलूबोंड्यांची लाइन. तिथं आमचं कुणी नव्हतं. शोधत शोधत नजर खाली आणली तर तेरा जण आकाशपाळण्याच्या लाइनीत, मधल्या कठड्यापाशी अडलेले. एक जाडजूड गृहस्थ त्यांच्यासमोर आडवा उभा, आणि साडभाऊ त्याला हात लांब करून लाइनीच्या तोंडाकडे दाखवत होते. इतक्या उंचावर शब्द येत नव्हते. काय म्हणून राहिले होते ते मला ठाऊक होतं. ते गृहस्थ टाचा उंचावून पुढे बघत होते आणि मान हलवत होते. पुढे कुणीच नव्हतं.

मी उरलेले सातही स्वेटर एका हातात गोळा केले आणि दांडीच्या वरून हलवायला लागलो. एका बाहीची गाठ सुटली.