सावरीवर कुऱ्हाड कशासाठी?

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत सध्या मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे: ‘शिंका आणि दमा पळस-सावरीच्या फुलांमुळे होतो, म्हणून घराजवळची सावर तोडा, बाकी उन्हाळा वर्षागणिक तापतो आहे, त्या उष्णतेने पराग मरतील आणि अ‍ॅलर्जी आपोआप कमी होईल.’ हा संदेश वाचून कोणी सावरीला कुऱ्हाड लावू नये, म्हणून हे लिहितो आहे.

पळस-सावरीची फुले मोठी, लालभडक आणि मधाने भरलेली असतात, कारण त्यांचे पराग वाहण्याचे काम मैना, बुलबुल आणि मधमाश्या करतात. वाऱ्यावर ते फारसे जात नाहीत. उन्हाळ्यात उडणारा सावरीचा कापूस तर पराग नव्हेच, ते बियांभोवतीचे तंतू आहेत.

वाऱ्यावर उडून नाकात जाणारे पराग बहुधा साध्या, नजरेत न भरणाऱ्या फुलांचे असतात, जसे गवतांचे आणि धुऱ्यावरच्या, पांदणीच्या कडेच्या गाजर गवताचे. पुण्यात 1955च्या सुमारास प्रथम नोंदले गेलेले हे तण आज देशभर पसरले आहे. त्याच्या परागांनी सर्दी आणि दमा उद्भवतो, तर झाडाचा स्पर्श झाला की अनेकांच्या हातांना व मानेला खाजरे चट्टे उठतात.

उष्णतेने पराग मरतो, हे काही अंशी खरे आहे. पण पराग मेला म्हणजे त्यापासून बी धरत नाही, एवढेच. अ‍ॅलर्जी करणारी प्रथिने मेलेल्या परागातही टिकून राहतात.

हवामान बदलाने अ‍ॅलर्जी कमी होईल, हा निष्कर्ष तर उलटाच आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड 1958 मध्ये दशलक्ष भागांत सुमारे 315 भाग होता, तो आता 420च्या वर गेला आहे, आणि गाजर गवताच्याच कुळातील रॅगवीड हे तण असा वायू वाढवलेल्या हवेत अधिक पराग तयार करते, असे प्रयोगांत दिसले आहे. उत्तर अमेरिकेत 1990 ते 2018 या काळात परागांचा हंगाम सुमारे 20 दिवस आधी सुरू होऊ लागला आणि परागांचे प्रमाण सुमारे 21 टक्के वाढले. ते आकडे तिकडचे आहेत. तिथे हंगाम थंडी सरण्यावर ठरतो, आपल्याकडे मात्र तो ओलाव्यावर ठरतो. गाजर गवताला उगवायला ठरावीक महिना लागत नाही, ओल पुरते. म्हणून माघ-फाल्गुनातल्या अवकाळी पावसानंतर धुऱ्यावर त्याचा नवा कोंब दिसतो आणि महिना-दीड महिन्यात तो फुलावर येतो.

तेव्हा सावर उभी राहू द्यावी आणि पाऊस होऊन गेल्यावर, फुले येण्याआधी, हातमोजे घालून व नाकातोंडावर दुपट्टा बांधून धुऱ्यावरचे गाजर गवत मुळासकट उपटावे.