रुबातो म्हणजे ताल सोडणं नव्हे

"मावशी, मेट्रोनोम कपाटात टाकलाय. शोपाँला ताल नसतोच." माझी भाची पियानोवर शोपाँ या संगीतकाराच्या ऑपस 9 (रचनासंचाचा क्रमांक) मधलं दुसरं नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या भावाची संथ रचना, बसवतेय, आणि ठरल्या वेगाने टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र, मेट्रोनोम, तिने बाजूला ठेवलंय. हे ज्ञान तिला व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका मजकुरातून मिळालं. त्यात म्हटलंय : रुबातो म्हणजे भाव येईल तिथे दोन्ही हातांनी मिळून रेंगाळायचं, शोपाँला मेट्रोनोमचा तिटकारा होता, सावकाश वाजवलं की जास्त भावपूर्ण, आणि जुने दिग्गज असंच वाजवत. तिचं वाजवणं ऐकलं आणि मला राहवेना.

सगळ्यात घातक पहिला मुद्दा. कारोल मिकुली 1840 च्या दशकात पॅरिसमध्ये खुद्द शोपाँकडे शिकला आणि पुढे त्याने गुरूच्या रचनांची आवृत्ती काढली. तिच्या प्रस्तावनेत तो स्वच्छ लिहितो की लय राखण्याबाबत शोपाँ कमालीचा काटेकोर होता. साथीचा हात ठरल्या लयीत चालायचा, गाणारा हात तेवढा कधी मागे रेंगाळायचा, कधी पुढे धावायचा. आणि मेट्रोनोम? तो त्याच्या पियानोवरून कधी हलत नसे! दुसरा मुद्दा इथेच निकालात निघतो. नंतरच्या रचनांवर त्याने मेट्रोनोमचे आकडे देणं सोडलं, एवढंच त्यात खरं.

ही रीत त्याच्याही आधीची आहे. 1777 मध्ये मोझार्टने वडिलांना पत्रात लिहिलं होतं की संथ रचनेत रुबातो करताना आपला डावा हात लय सोडत नाही, हे लोकांना कळतच नाही. त्यांचा डावा हात उजव्याच्या मागे जातो. आपल्याला तर हे पटकन कळायला हवं. गायिका शब्द मात्रेच्या मागेपुढे टाकते म्हणून तबलजी ठेका ओढत बसत नाही. रुबातो या इटालियन शब्दाचा अर्थच 'चोरलेला'. भाची उजव्या हातातल्या प्रत्येक उंच स्वरावर थांबते आणि डाव्यालाही थांबवते. मग वेळ चोरायचा कुणाकडून? एका मात्राखंडातल्या बारा क्वेव्हरचं (छोट्या, समान स्वरांचं) ते झुलणं मोडतं आणि वरची सुरेख नक्षी लोंबकळत राहते.

सावकाशपणाचं म्हणाल तर या नॉक्टर्नवर शोपाँनेच मिनिटाला 132 क्वेव्हर असा आकडा दिलाय. 34 मात्राखंड, प्रत्येकात बारा क्वेव्हर, म्हणजे जेमतेम तीन मिनिटं. शेवटच्या कडेन्झाचा, म्हणजे मोकळ्या लयीतल्या सजावटीचा, थोडा वेळ वर धरा. आज सर्रास चार मिनिटांच्या पुढे जातात. जावं खुशाल, पण ते शोपाँच्या नावावर खपवू नये.

दिग्गजांबद्दल थोडं मान्य करते. पाडेरेव्स्की हा नामवंत पियानोवादक लय भरपूर ताणायचा आणि त्याचं समर्थनही करायचा. पण तो जन्मला 1860 मध्ये, शोपाँ गेला 1849 मध्ये. शिवाय त्या पिढीच्या ध्वनिमुद्रणांत डावा हात आधी आणि उजवा किंचित मागाहून पडलेला पुष्कळदा ऐकू येतो. 'दोन्ही हातांनी मिळून' याच्या बरोबर उलट. आणि हो, खुद्द शोपाँही घड्याळासारखा वाजवत नव्हता. तो मझुर्का (तीन मात्रांचा पोलिश नाच) तीनऐवजी चार मात्रांत वाजवतो हे पियानोवादक चार्ल्स हॅलेने मोजून दाखवलं, तेव्हा त्याने आधी नाकारलं, मग हसून म्हणाला की या नाचाचा स्वभावच तसा. पण मझुर्काची ती खास लचक नॉक्टर्नच्या डाव्या हाताला लावता येत नाही.

रविवारी ये गं. कपाटातला मेट्रोनोम घेऊन ये. डावा हात मी वाजवते, उजवा तू वाजव, आणि हवी तेवढी रेंगाळ. मी थांबणार नाही.