‘मान्य आहे’ हे बटण कुणाचंच रक्षण करत नाही

सामुदायिक वायफाय चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो: खुलं वायफाय द्यायचं तर दारात नियमांचं पान लावाच, म्हणजे वायफायला जोडल्यावर आधी उघडणारं आणि ‘मान्य आहे’ दाबल्याशिवाय इंटरनेट न देणारं पान (याला पोर्टल म्हणतात). त्याची चार कारणं सांगितली जातात. कायद्याचं संरक्षण मिळतं, वायफाय सुरक्षित होतं, लोकांना आपल्या कामाची ओळख होते, आणि वापरणाऱ्याला काय, एकदा ‘मान्य आहे’ दाबायचं, संपलं. मी बर्लिनमध्ये राहतो, माझ्या खिडकीत फ्रायफुंकचा, म्हणजे जर्मनीतल्या खुल्या वायफायच्या स्वयंसेवी चळवळीचा, राउटर आहे, आणि यातलं एकही कारण मला पटत नाही.

आधी कायदा, कारण भीती तिथूनच येते. जर्मनीत ती खरी होती. १२ मे २०१० रोजी इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की घरचं वायफाय पुरेसं बंदिस्त न ठेवणाऱ्याला, त्यावरून दुसऱ्या कुणी कॉपीराइट मोडला तरी, हक्कधारकाच्या वकिलाने धाडलेल्या नोटिशीचा खर्च भरावा लागू शकतो. पण न्यायालयाची अपेक्षा होती ती चांगल्या पासवर्डची. ‘मी गैरवापर करणार नाही’ असं लिहून घेणाऱ्या पानाची नव्हे. २०१५ साली सरकारने कायद्याच्या मसुद्यात नेमकी तीच अट घातली: आधी कबुली, मग इंटरनेट. फ्रायफुंकवाल्यांनी तिला कडाडून विरोध केला आणि २०१६ मध्ये संसदेने कायदा मंजूर केला तेव्हा ती अट त्यात नव्हती. १३ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत तर, वायफाय देणाऱ्यावर प्रशासन नोंदणीची किंवा पासवर्डची सक्ती करू शकत नाही, असं स्पष्टच लिहिलं आहे. म्हणजे इथे ‘कायद्यासाठी पान’ म्हणणारा माणूस न झालेल्या कायद्याची भीती घालतो आहे.

भारतात परिस्थिती वेगळी आहे. तिथे सार्वजनिक वायफायला मोबाईलवरचा ओटीपी लागतो, त्यामुळे पान टाळता येत नाही. पण तिथेही काम करतो तो ओटीपी. नियमांखालच्या बटणाने काही साधत नाही.

सुरक्षिततेचं म्हणणं लवकर निकालात निघतं. बटण दाबण्याआधी आणि दाबल्यानंतर खुल्या वायफायवरून जाणारा डेटा हवेत तितकाच उघडा असतो. असं पान दाखवणारं नोडॉगस्प्लॅशसारखं सॉफ्टवेअर फोन ओळखतं ते त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे वायफायवरच्या त्याच्या ओळखक्रमांकावरून, आणि त्या पत्त्याची नक्कल करता येते. पासवर्ड न मागता हवेतला डेटा कूटबद्ध, म्हणजे इतरांना वाचता न येणारा, करायचा असेल तर राउटरवर ओडब्ल्यूई ही सोय सुरू करावी, जुन्या फोनांसाठी शेजारी साधं खुलं नेटवर्कही ठेवावं. पानाचा या कामाशी संबंध नाही.

आता ‘एकदा बटण दाबायचं, संपलं’. हे सगळ्यात जास्त सांगितलं जातं आणि माणसांना सगळ्यात जास्त छळतं तेही हेच.

वायफायला जोडला गेला की फोन गुपचूप एक प्रश्न विचारतो. अँड्रॉइड गूगलच्या एका पत्त्यावर जातो आणि २०४ क्रमांकाच्या रिकाम्या उत्तराची वाट पाहतो. आयफोन ॲपलच्या पत्त्यावर जातो आणि ‘सक्सेस’ एवढा शब्द मागतो. पोर्टल मध्येच हात घालून आपलं पान पुढे करतं, मग फोन एक छोटी खिडकी उघडतो. सगळा डोलारा या खिडकीवर उभा आहे.

एका वाचनालयात मी एका बाईंच्या शेजारी बसलो होतो. त्या फारसी वाचायच्या, जर्मन नुकतीच शिकत होत्या. खिडकी उघडली ती पांढरीफटक. पानाचा फॉन्ट आणि लोगो बाहेरच्या सर्व्हरवर होते, आणि बाहेर जायचा रस्ता तर बटण दाबेपर्यंत बंद! बऱ्याच वेळाने जर्मन मजकूर उमटला, चारदा बोटाने वर सरकवल्यावरही संपेना. बटण तळाला होतं, त्यांना ते दिसलंच नाही. त्यांनी वरचं ‘रद्द’ दाबलं, आयफोनने वायफाय सोडून दिलं. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा मी बोट ठेवून बटण दाखवलं. त्यांना फक्त मुलीचा निरोप वाचायचा होता.

खिडकी चुकून बंद झाली तर पुढे आणखी वाईट. माणूस ब्राउझरमध्ये बँकेची साइट उघडतो, पोर्टल तिथेही मध्ये घुसू पाहतं, आणि समोर येतो प्रमाणपत्र चुकल्याचा इशारा. अशा इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करायची सवय आपणच लोकांना लावायची का? शिवाय ई-रीडर, प्रिंटर, गच्चीवरचा तापमान मोजणारा सेन्सर यांच्यासाठी बटण दाबणार कोण?

राहिली ओळख. वायफायच्या यादीत ‘बर्लिन डॉट फ्रायफुंक डॉट नेट’ असं नाव दिसतं ना, तीच ओळख. ज्याला कुतूहल आहे तो तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकतो. खुल्या वायफायवरून झालेल्या कॉपीराइटभंगाचा ज्यांचा खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि ज्यात त्या न्यायालयाने २०१६ मध्ये निकाल दिला, त्या टोबियास मॅकफॅडन यांनी आपल्या दुकानाच्या खुल्या वायफायला ‘भीतीऐवजी स्वातंत्र्य’ अशा अर्थाचं जर्मन नाव दिलं होतं. त्यांना सांगायचं होतं ते नावातच आलं.

पान लावणं भागच असेल तर माझं मागणं एवढंच. डीएचसीपी, म्हणजे जोडल्या जाणाऱ्या फोनला राउटर नेटवर्कची माहिती देतो ती पद्धत, तिच्या ११४ क्रमांकाच्या पर्यायातून पोर्टलच्या एपीआयचा पत्ता थेट फोनला कळवा; पान कुठे आहे ते फोन तिथे विचारतो. सप्टेंबर २०२० च्या आरएफसी ८९१० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ही सोय आहे, अँड्रॉइड ११ आणि आयओएस १४ पासून फोनांना ती समजते, आणि कुणाच्या रहदारीत हात घालावा लागत नाही. फॉन्ट फोनमधलाच वापरा, चित्रं राउटरवर ठेवा, शक्यतो ठेवूच नका. परवानगी काही दिवस टिकू द्या, तासाभरात काढून घेऊ नका. बटण दाबल्यावर आपल्या मुखपृष्ठावर ओढून नेऊ नका. मजकूर त्या वस्तीत बोलल्या जाणाऱ्या भाषांत लिहा. आणि बटण सगळ्यात वर, अंगठ्याएवढं मोठं. नियम त्याच्या खाली.