निवडणुकीआधी शुभेच्छुक कसं व्हावं : एका अनुभवी युवा नेत्याचे सल्ले

२०२४ चं नवरात्र. गेल्या रविवारी सकाळी सात वाजता मेव्हण्याचा फोन. "काय दाजी, सांगितलं पण नाय, डायरेक्ट नेते!" मला वाटलं याची रात्रीची उतरली नाही अजून. फोन ठेवला आणि व्हॉट्सॲपवर फोटो आला. आमच्या चौकातला फ्लेक्स. वीस बाय दहाचा असेल. नवरात्रोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा, मध्ये हात जोडलेले भावी आमदार, आणि खाली शुभेच्छुकांच्या तीन ओळी. तिसऱ्या ओळीत, गॉगलवाला जिमचा पोरगा आणि मंडळाचे खजिनदार यांच्या मधोमध, मी. डाव्या डोळ्यावर हात ठेवलेला. आडनावातला एक काना गायब, आणि खाली पद, "युवा नेते".

मी एक्कावन्न वर्षांचा आहे. जिना चढताना गुडघ्याचा आवाज शेजारच्यांना ऐकू जातो.

फोटो कुठला ते पाच मिनिटांनी लक्षात आलं. गणपतीत या भावी आमदारांनी मोफत नेत्रतपासणी शिबिर घेतलं होतं. फुकट आहे म्हणून गेलो. एक डोळा झाकून तक्त्यावरची अक्षरं वाचत होतो तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला. चष्मा "पंधरा दिवसात घरपोच" होता, तो अजून आलेला नाही. फोटो मात्र आला.

तर आता एवीतेवी नेता झालोच आहे तर तुम्हा सोसायटीतल्या मंडळींना चार सल्ले देऊन टाकतो. विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ ला संपतेय, आचारसंहिता आज लागेल की उद्या अशी परिस्थिती आहे, म्हणजे टाईम कमी आहे. तुमचा पण नंबर लागू शकतो.

सल्ला पहिला. शिबिर कुठलंही असो, दाढी करून जा. रक्तदान असेल तर आडवे पडल्यावर पोट आत घ्या. बीपी चेक करताना हसा.

दुसरा. आपण नक्की कुठल्या पक्षाचे शुभेच्छुक आहोत हे विचारायचं नाही, ते वाईट दिसतं. बायकोने तोच प्रश्न विचारला, आहो पण पक्ष कुठला? मी फोटो मोठा करून करून बघितला. वर महापुरुषांची रांग होती, ती सगळ्यांच्याच फ्लेक्सवर असते. त्याखाली जिथे पक्षाचे साहेब, दादा, भाऊ, ताई असतात तिथे चक्क सूर्य उगवताना दाखवलाय. चिन्ह नाही, झेंडा नाही, रंग पण असा निवडलाय की जरा भगवा, जरा पिवळा, बघणाऱ्याने ठरवावं. कारण साधं आहे, जागा आहेत २८८. इकडे तीन मोठे पक्ष, तिकडे तीन मोठे पक्ष, एका मतदारसंघात मिळून तिकिटं दोनच, म्हणजे बाकीच्या चार सूर्यांनी मावळायचं कुठे? मग जो तिकीट देईल त्याचा फोटो सूर्याच्या जागी चिकटवायचा, कोणीच दिलं नाही तर अपक्ष, आणि सूर्य आहे तसा ठेवायचा. खर्च वाचतो. खर्चावरून आठवलं, विधानसभेला उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, पण ती मोजायला सुरुवात होते अर्ज भरल्यापासून. म्हणून सगळे सूर्य नवरात्रातच उगवतात.

तिसरा सल्ला, स्मरणशक्ती कमी ठेवा. मी स्वतः हा नियम पाळत नव्हतो त्यामुळे मला त्रास झाला. २०१९ ला मी रांगेत उभा राहून मत दिलं. मग ते फिरायला निघालं. २३ नोव्हेंबरला सकाळी मी दात घासत होतो तोवर राजभवनात शपथविधी उरकलेला. ते सरकार ८० तास टिकलं, आमच्याकडे नवीन गॅसची शेगडी पण वॉरंटी घेऊन येते. मग २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कात दुसरा शपथविधी. मग २०२२ च्या जूनमध्ये माझं मत सुरतेला गेलं, तिथून गुवाहाटी, तिथून गोवा, झाडी डोंगार हाटील सगळं बघून आलं, सुरतेच्या पुढे सगळं विमानाने. मी आजवर शिवनेरी बसच्या पुढे गेलेलो नाही. २०२३ च्या जुलैत अजून एक शपथ. पाच वर्षात पक्ष दोनाचे चार झाले, नाव कोणाकडे गेलं, चिन्ह कोणाकडे गेलं, आणि माझी आई अजून विचारते, आपला धनुष्यबाण तोच ना रे पहिल्याचा? काय सांगू तिला? साताऱ्यात लोकसभेला तुतारी वाजवणारा माणूस, म्हणजे शरद पवारांच्या पक्षाचं नवीन चिन्ह, शोधता शोधता लोकांनी एका अपक्षाच्या पिपाणीला ३७ हजार मतं दिली आणि तुतारीवाले शशिकांत शिंदे ३२ हजारांनी पडले. ती ३७ हजार माणसं काय अडाणी नव्हती हो. तुम्ही चिन्हांची भेळ करायची आणि वर मतदार जागरूक नाही म्हणायचं.

असो. सल्ला आहे हा. शांत राहायचंय.

खड्डा दिसला तर वळसा घालून जा, बुजवा म्हणून मागे लागू नका, त्याचं भूमिपूजन बाकी आहे.

टँकर आल्यावर आधी त्याच्यावर फोटो कोणाचा आहे ते बघा आणि मगच पाईप लावा. आमच्याकडे टँकर दुसऱ्या सूर्याचा येतो. मी फ्लेक्सवर झळकल्यावर सोमवारी टँकरवाला आमच्या गेटसमोरून तसाच पुढे गेला. सेक्रेटरी माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच व्हॉल्व बंद केला.

योजनेबद्दल मत मांडू नका. हा चौथा का पाचवा, मोजत नाही मी आता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना राखीपौर्णिमेच्या आधी लाडक्या बहिणीचे दोन महिन्यांचे ३००० आले, त्यांनी पोरीच्या क्लासची फी भरली. त्यांना कोण काय बोलणार, मी तर नाहीच बोलणार. पण त्या १५०० च्या फ्लेक्सवर आमच्या एका चौकात पाच भाऊ उभे आहेत, प्रत्येक जण म्हणतो मीच दिले. मावशी म्हणाल्या, "मला तं बँकेतून आले, ह्यातला एक पण नव्हता बँकेत." आणि मागच्या आठवड्यात त्यांना कार्यक्रमाला बस भरून घेऊन गेले, दिवसभराच्या चार घरच्या खाड्यासकट. खाड्याचे पैसे कुठल्या भावाने दिले ते त्यांनी सांगितलं नाही. गावाकडे माझा भाऊ सोयाबीन घेऊन बसलाय, २०२४ चा हमीभाव क्विंटलला ४८९२ आणि बाजारात त्याच्या किती खाली ते विचारू नका. लाडका सोयाबीनवाला अशी काही योजना निघाली तर कळवा, त्याचा पण फोटो देतो, दोन्ही डोळे उघडे असलेला.

आता मुख्य सल्ला. फ्लेक्स उतरवायला जाऊ नका. मी गेलो.

आधी गेलो भावी आमदारांच्या संपर्क कार्यालयात. संपर्क कोणाशीच झाला नाही, भाऊ मुंबईला होते, तिकिटाच्या मुलाखती चालू आहेत म्हणे. तिथे एक पोरगा मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. मी म्हटलं बाबा माझा फोटो काढ त्यावरून. तो म्हणाला, "काका, लोक पैसे देतात फ्लेक्सवर यायला. तुमचं फुकटात ब्रँडिंग झालंय." मग त्याने चहा मागवला. मी चहा प्यायलो, हे पण सांगून टाकतो, आणि चहा पिताना त्याने माझा अजून एक फोटो काढला.

मग गेलो त्या ऑफिसात जिथे अशा तक्रारी करायच्या असतात. नाव सांगत नाही, तुम्ही सगळे जाऊन आलेले आहात तिथे. म्हटलं परवानगी आहे का या फ्लेक्सला? ते म्हणाले ते दुसरं टेबल. दुसरं टेबल म्हणालं साहेब साईटवर. म्हटलं नगरसेवकाला धरावं, तर नगरसेवक कुठाय? मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, २०२२ च्या मार्चपासून सगळीकडे प्रशासक. अडीच वर्षं महापालिकेची निवडणूक नाही आणि इथे "भावी नगरसेवक" मात्र म्हातारे व्हायला लागले. तिसऱ्या टेबलवरच्या बाईंनी शेवटी खरं सांगितलं, आवाज बारीक करून, "आचारसंहिता लागू द्या ना, आपोआप निघतील."

हे ऐकलं आणि माझं डोकं सटकलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

आपोआप? आचारसंहिता लागली की सरकारी जागेवरचे फ्लेक्स २४ तासात, सार्वजनिक जागेवरचे ४८ तासात, खाजगी जागेवरचे ७२ तासात काढायचे असा नियम आहे, आणि ते निघतात. दर वेळी निघतात. रात्रीत गाड्या येतात, शिड्या लागतात, कटर चालतो, सकाळी अख्खं शहर धुतल्यासारखं दिसतं आणि आपल्याला कळतं अरेच्चा इथे बसस्टॉप होता! म्हणजे माणसं आहेत, शिडी आहे, कटर आहे, गाडी आहे, डिझेल आहे. कोणाचे फ्लेक्स बेकायदेशीर आहेत ते माहिती आहे, कुठल्या खांबावर आहेत ते पण पाठ आहे. मग ही सगळी माणसं बाकीची पाच वर्षं कुठे असतात? कटरला धार नसते का तेव्हा? शहर विद्रूप करू नये म्हणून १९९५ चा कायदा आहे, २०१७ ला हायकोर्टाने कान उपटलेत, काय राहिलंय अजून, देवाने खाली यायचं का? पिंपरी-चिंचवडच्या किवळ्यात २०२३ ला होर्डिंग पडलं, पाच माणसं गेली, वाऱ्यापावसातून आडोशाला उभी राहिलेली. यंदा, २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरला पेट्रोल पंपावर पडलं, सतरा गेले. ४० बाय ४० फुटांची मर्यादा आणि ते होतं १२० बाय १२०, आणि म्हणे कोणाला दिसलं नाही. एवढं मोठं! मलाच शिबिरात पाठवलं उगाच, डोळे तपासायची गरज दुसऱ्यांना होती. घाटकोपरनंतर महिनाभर सगळीकडे स्ट्रक्चरल ऑडिट, नोटिसा, तोडातोडी. मग गणपती आले. आमच्या चौकातला फ्लेक्स बांबूवर आहे, दोन बांबू सिग्नलच्या खांबाला सुतळीने बांधलेत, डावीकडून येणारी गाडी दिसत नाही, बुधवारी दूधवाला पडला, चाळीस लिटर दूध रस्त्यावर, हाताला प्लास्टर. आणि त्याच्या डोक्यावर मी! एक डोळा झाकून शुभेच्छा देतोय!

उपरोध वगैरे जाऊ द्या खड्ड्यात.

माझा राग त्या भावी आमदारावर आहे, आहेच, पण जास्त तुमच्यावर आहे. सोसायटीच्या ग्रुपवर माझा फ्लेक्सवरचा फोटो पडला तेव्हा बेचाळीस अंगठे आले. बेचाळीस! "अभिनंदन सर", "साहेब पार्टी कधी". दूधवाल्याचा फोटो टाकला त्याला दोन आले. एकाने पण विचारलं नाही की हा फ्लेक्स सिग्नलला कोणी बांधू दिला. उलट तीन जणांनी खाजगीत मेसेज केले. एकाला पोराच्या ॲडमिशनला चिठ्ठी पाहिजे, एकाला पार्किंगचा मॅटर मिटवायचाय, आणि एक जण तर म्हणाला पुढच्या फ्लेक्सवर माझं पण बघा ना. लाज वाटते का? मला पण वाटायला पाहिजे, मी फुकटच्या चष्म्यासाठी रांगेत उभा राहिलो, पाचशे रुपयात तपासून मिळतात डोळे, मला परवडत होते.

आणि मत? २०१९ ला मतदान होतं २१ ऑक्टोबरला, सोमवारी. शनिवार-रविवार जोडून आला म्हणून आपल्या बी विंगमधल्या निम्म्या गाड्या महाबळेश्वरला. राज्यात ६१ टक्के मतदान झालं, उरलेले ३९ कुठे होते ते मला पार्किंग बघून कळलं होतं. आणि जे थांबले त्यांनी मीटिंग घेऊन ठरवलं की जो पेव्हर ब्लॉक टाकून देईल त्याला मतांचा गठ्ठा द्यायचा. टाकले पेव्हर ब्लॉक. दोन पावसाळ्यात उखडले. एकशे सहा फ्लॅटची किंमत तेवढी ठरली, तीन पक्ष फिरून आला तो माणूस त्यानंतर, आणि आपण विचारायला गेलो नाही, कारण तोंड कुठलं होतं आपल्याला? माल घेऊन बसलो होतो. आता परत तीच मीटिंग लावलीय रविवारी, विषय : सोलर की लिफ्टचं पेंटिंग. मी येणार नाही. आधी यादीत नावं आहेत का बघा आपापली. डी विंगच्या आजोबांचं लोकसभेला नव्हतं, भर उन्हात रिक्षा करून गेले आणि परत आले, आणि तुम्ही बोटाला शाई लावून सेल्फी टाकत होतात. यादीत नाव घालायचा सहा नंबरचा फॉर्म भरायला दहा मिनिटं लागतात, त्यांचा मी भरलाय.

शनिवारी दसरा आहे. सकाळी आठला मी वॉचमनची शिडी घेऊन चौकात जाणार आहे, माझा फोटो तेवढा कापून काढायला. वर चढायला गुडघा चालत नाही माझा, मी खालून शिडी धरतो. वर कोण चढणार ते ग्रुपवर सांगा. अंगठा नको, फ्लॅट नंबर टाका.