बालगीतांचं ऑडिट

नोकरीभर मी ऑडिट केलं. दुसऱ्यांच्या हिशेबातली भोकं शोधायची आणि समासात लाल शाईने शेरा मारायचा, यावर संसार झाला. निवृत्त झाल्यावर मुलीने एकच काम सोपवलं, "बाबा, ती जेवेपर्यंत तेवढी गाणी लावून बसा तिच्याजवळ." ती म्हणजे अडीच वर्षांची नात. गाणी म्हणजे मोबाइलवरची कार्टूनवाली बालगीतं, ज्यांत सगळ्यांची डोकी भोपळ्याएवढी असतात आणि रडणारासुद्धा हसत रडतो. नात बघते. मी शेजारी बसतो आणि हात शिवशिवायला लागतात.

माकडांची फाइल घ्या. पाच माकडं पलंगावर उड्या मारतात, त्यातलं एक पडतं, डोकं आपटतं. आई डॉक्टरांना फोन करते. डॉक्टर म्हणतात, पलंगावर उड्या मारणं बंद. पुढच्या कडव्यात चार माकडं त्याच पलंगावर! पुन्हा पडणं, पुन्हा फोन, पुन्हा तोच सल्ला. पाच जखमी झाले तरी हा डॉक्टर एकदाही पेशंट बघायला येत नाही, आणि या बाईला पलंग उभा करून ठेवावा किंवा निदान डॉक्टर तरी बदलावा असं सुचत नाही.

बदकीण तर तिच्याही वरताण. पाच पिल्लं डोंगरापलीकडे गेली, चार परत आली. मग तिने काय करावं? चौघांना पुन्हा तिकडेच जाऊ दिलं. शिल्लक शून्यावर येईपर्यंत चौकशी नाही, आणि अखेरीस पाचही पिल्लं एकदम जमा! मधल्या काळात ती कुठे होती, याची नोंद नाही. असा ताळेबंद माझ्यापुढे कुणी ठेवला असता तर त्याला मी बसू दिलं नसतं. बसवरून आठवलं, त्या बसची चाकं फिरतात, वायपर फिरतात, आतली बाळं रडतात, पण बस कुठेही पोहोचत नाही.

भिंतीवरून पडलेल्या हम्प्टीला जोडायला राजाने घोडे पाठवले, हेही मला कधी पटलं नाही. नाजूक कामाला खूर! शिवाय त्या गाण्यात तो अंडं असल्याचं एका शब्दानेही म्हटलेलं नाही. पण व्हिडिओत पहिल्याच सेकंदाला अंडं हजर.

खरा घोटाळा मात्र चालींचा. चांदणी लुकलुकते ते गाणं, इंग्रजी मुळाक्षरांचं गाणं आणि काळ्या मेंढीकडे लोकर मागतात ते गाणं, तिन्ही एकामागून एक गुणगुणून बघा. चाल एकच! एका व्हाउचरवर तीनदा रक्कम उचलली आहे आणि आजवर कुणी आक्षेप घेतलेला नाही. चांदणीची कविता जेन टेलरबाईंची, १८०६ सालची. चाल त्याहून जुनी, अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच गाण्याची. ती मोझार्टच्याही डोक्यात बसली असणार, कारण त्याने ती पियानोवर आणखी बारा प्रकारांनी वाजवून ठेवली. त्या माणसाची ही गत, तर मी कोण? परवा एका शोकसभेत दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं. मी स्तब्धच होतो, फक्त पाय ठेका धरत होता.

यंत्रांना दोष द्यावा तर त्यांचा स्वभाव जन्मापासूनच हा. १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ बनवला आणि आवाज साठवणाऱ्या त्या यंत्रात पहिल्यांदा काय म्हटलं? मेरीच्या कोकराचं बालगीत. जून २०१६ मध्ये शार्कच्या बाळाचा एक व्हिडिओ यूट्यूबवर आला, जेमतेम सव्वादोन मिनिटांचा. जानेवारी २०२२ मध्ये तो एक हजार कोटी वेळा पाहिला गेलेला पहिला व्हिडिओ ठरला. तेव्हा जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या आत होती. म्हणजे पाळण्यातल्या बाळापासून पार पणजीपर्यंत सगळ्यांनी एकेकदा पाहून वर दोनशे कोटी उरले. ते कोणत्या घरांतून आले, हे मी सांगू शकतो. आमच्या नातीच्या शब्दकोशात 'आई', 'आबा' आणि 'नको' यांच्यानंतर आलेला शब्द 'पुन्ना'.

पुन्ना म्हणजे तेच गाणं, अगदी पहिल्यापासून. शेवट मलाही माहीत असतो, तिलाही. मला त्याच कारणाने कंटाळा येतो आणि तिला त्याच कारणाने आनंद होतो. माकड पडायच्या क्षणभर आधी ती माझ्याकडे असं बघते, जणू तिनेच सगळं ठरवून ठेवलंय. बाकी व्यवहारात पोर पक्की. वाचता येत नाही, पण जाहिरात आली की पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर बोट कधी दाबायचं ते बरोबर कळतं. मला तिथे अजून चष्मा लागतो.

फळांच्या गाण्याने मात्र पंचाईत केली. त्यात प्रत्येक फळाला डोळे, पापण्या, वर गोड आवाज. दुसऱ्या दिवशी फोड तोंडाजवळ नेली तर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आबा, ते ललेल." आता फळ सोलताना मी त्याच्याकडे पाठ करतो.

अखेर मुलीने जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना वाचल्या. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास स्क्रीन, आणि तेवढाही नसला तर बरंच. जेवणाच्या वेळी मोबाइल बंद. "मग जेवेल कशी?" मी विचारलं.

"तुम्हाला सगळी पाठ आहेत ना, बाबा? म्हणा तुम्ही."

मग काय, माकडं घेतली. पाची बोटं नाचवली, आईचा फोन केला, डॉक्टरांचा आवाजही काढला. नातीने एक घास घेतला, मला नीट न्याहाळलं, पुढे वाकली आणि माझ्या हनुवटीच्या एका बाजूला, अगदी कोपऱ्यात, बोट दाबलं. काही झालं नाही म्हणून आणखी जोरात दाबलं.

मी निमूटपणे बदकं सुरू केली.