गिऱ्हाईकाच्या हट्टावरून

बिलावर स्वतःच्या हट्टाची लेखी नोंद होण्याचा मान सांगलीत माझ्याआधी कोणाला मिळाला असेल, तर त्यांनी मला जरूर भेटावे. मजकूर असा : ‘एसएमपीएस ३६ व्होल्ट १० अँपिअर, नग १. गिऱ्हाईकाच्या हट्टावरून दिला. गॅरंटी नाही.’ खाली साक्षीदाराची सहीसुद्धा आहे. हे साक्षीदार माझ्या ओळखीचे नव्हते आणि आता ती ओळख वाढवण्याची माझी इच्छाही नाही.

लाकडी पाट्या कोरणारे एक लहानसे संगणकनियंत्रित यंत्र मी घराच्या पडवीत उभे केले आहे. त्याच्या तीन स्टेपर, म्हणजे पावलापावलाने फिरणाऱ्या, मोटारींना वीज पुरवण्यासाठी मला हा एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज ३६ व्होल्टच्या एकदिश विजेत बदलणारा डबा, हवा होता आणि गणपती पेठेतल्या एका दुकानात तो फळीवर दिसतही होता. मालक ‘मोटार बघू’ म्हणाले, म्हणून मी पिशवीतली मोटार काउंटरवर ठेवली. तिच्या लेबलावर ‘३ व्होल्ट, ३ अँपिअर’ असे छापलेले होते. ते मालकांच्या आधी बाकावर बसलेल्या आबांनी वाचले, आणि तेही चष्मा न लावता.

आबा विहिरीवरच्या साडेसात एचपीच्या मोटारीच्या स्टार्टरची कॉइल न्यायला आले होते. कॉइल त्यांच्या मांडीवर होती, पैसे देऊन झाले होते, तरीही ते उठत नव्हते.

“तिनाच्या मोटारीला छत्तीस? पाव्हणं, जळंल की ती!”

मी शांतपणे सांगितले की, मधे मोटारीला प्रवाह मोजून देणारा ड्रायव्हर असतो आणि तो २० ते ५० व्होल्ट घेतो. लेबलावरचे ३ व्होल्ट म्हणजे एक ओहमच्या वेटोळ्यातून ३ अँपिअर स्थिर वाहत असतानाचा हिशेब आहे, पुरवठा किती द्यावा याची ती सूचना नव्हे. मोटार फिरू लागली की वेटोळ्यातला प्रवाह क्षणोक्षणी उलटवावा लागतो आणि वेटोळे त्याला विरोध करते. फेरीला २०० पावले टाकणारी मोटार मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरवली, तर एका पावलाला एक मिलिसेकंद मिळतो. वेटोळ्याचा हा विरोध, म्हणजे इंडक्टन्स, ३ मिलिहेन्री असेल, तर ३ व्होल्टवर तेवढ्या वेळात एक अँपिअरसुद्धा चढत नाही. ३६ व्होल्टवर तीनही अँपिअर पाव मिलिसेकंदात चढतात आणि मग ड्रायव्हर वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून प्रवाह तिथेच धरून ठेवतो. हे सारे मी बोटांवर मोजून सांगितले आणि शेवटी, मोह न आवरल्याने, टाकी उंचावर असली तरी तोटी बेताने सोडता येते, असेही म्हणालो.

आबांनी मान डोलावली. “आमच्या टाकीची तोटी गेल्या साली निसटली. सगळा हरभरा पाण्यात.”

दुकानातली चार माणसे हसली. त्यातला एक जण तर केवळ बल्ब बदलून घ्यायला आलेला होता.

मला राग आला तो वेगळ्याच कारणाने. कमी दाबाने मोटार कशी जळते, हे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. रात्रीची थ्री फेज आली, दाब पडलेला असला, की भार ओढणारा पंप जास्त अँपिअर खातो आणि वाइंडिंग करपते. या विषयावर आबा स्वतःच मघापासून मालकांना ऐकवत होते. म्हणजे वीज मंडळाने व्होल्ट कमी दिले तर तो अन्याय आणि मी पुरेसे मागितले तर तो माज!

मालकांनी तोवर कॅल्क्युलेटर काढला. तीन मोटारी, प्रत्येकी दोन वेटोळी, प्रत्येकी ३ अँपिअर, म्हणजे १८. तेव्हा हा दहाचा डबा पुरणार नाही, २० अँपिअरचा न्या, असे त्यांचे म्हणणे पडले. वेटोळ्यातला प्रवाह आणि डब्यातून ओढला जाणारा प्रवाह एक नसतो, उभ्या मोटारींची सहाही वेटोळी मिळून ५४ वॉटच खातात आणि डबा ३६० वॉटचा आहे, हे सांगून पाहिले. व्होल्ट मी भलतेच जास्त मागतो आणि अँपिअर भलतेच कमी, याबद्दल मात्र दोघांचे तत्काळ एकमत झाले.

अखेर तपासणीसाठी डबा लावायचा ठरला. जाळीदार पत्र्याच्या त्या डब्याच्या बाजूला ११५ आणि २३० असे लिहिलेला एक लाल खटका असतो. तो ११५ वर होता. आपल्या २३० ला तो तसाच जोडला असता, तर धूर निघाला असता आणि तो माझ्या छत्तिसाच्या नावावर जमा झाला असता. मी ओरडून वायर थांबवली. खटका फिरवला, हिरवा दिवा लागला, मीटरवर ३६.१ दिसले. मी पाकीट काढायला वळलो तेवढ्यात आबांनी मालकांचा टेस्टर घेतला आणि टर्मिनलांशेजारचा बारीक पिवळा स्क्रू पिळला. मीटर ३२.८ वर आले.

“जरा उतरवून दिलंय. असू दे.”

त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती, त्यामुळे तर मला काही बोलताही येईना. मी स्क्रू परत फिरवला, तेव्हा मालकांनी बिलबुक ओढले, वरचा मजकूर लिहिला आणि आबांनी, कोणीही न सांगता, खाली सही ठोकली. खोक्यावर कंपनीची एक वर्षाची गॅरंटी छापलेली आहे, हे मी दाखवले. मालक म्हणाले, “सर, ती नीट वापरणाऱ्याला.”

डबा उत्तम चालतो आहे, तासभर कोरूनही मोटार एक पाऊल चुकलेली नाही. पण उद्या तो आपल्या मरणाने मेला, तरी हे बिल घेऊन मी कोणत्या तोंडाने त्या काउंटरपुढे उभा राहू? जीएसटी मात्र त्यांनी पुरता १८ टक्के लावला आहे.